मोगऱ्याची पिवळी पानं

संक्रांत झाली की मी मोगऱ्याची छाटणी करते. ही सवय आईची, आणि मोगराही आईचाच. वसईहून आणलेल्या एका फांदीपासून तिनं चार कुंड्या केल्या होत्या. तीन ग्रिलमध्ये आहेत, पश्चिमेला, आणि एक मागं स्वयंपाकघराच्या खिडकीत. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत नवी फूट येते, त्या फुटीच्या शेंड्याला कळ्या धरतात, आणि होळीच्या आसपास पहिली फुलं निघतात. आई गेल्यापासून सहा वर्षं यात खंड पडला नव्हता.

या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या परळच्या इमारतीचं दुरुस्तीचं काम निघालं. दर्शनी बाजूला बांबूची परांची उभी राहिली, तिच्यावर हिरवी जाळी चढली, आणि सकाळी नऊपासून हातोडे सुरू. जुनं प्लास्टर ठोकून काढायचं, नवं चढवायचं. घरात पिठासारखी धूळ. मी खिडक्या लावून घेतल्या, कुंड्यांवर जुनी चादर टाकली, आणि झाडांना ऊन हवं म्हणून दोन दिवसांनी ती काढली. तेव्हा मला धूळ म्हणजे नुसती पानांवरची घाण वाटत होती. मातीत काय जातंय याचा विचारच केला नाही.

मार्च उजाडला तेव्हा कळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि पानं पिवळी पडत होती. एक-दोन पानं पिवळी पडली तर मी घाबरत नाही. झाड कळ्या-फुलांवर आलं की बुडाची जुनी पानं सोडतं, ते त्याचं चालूच असतं. पण इथं तीनही कुंड्या एकदम फिकटल्या. लांबून बघितलं तर झाडावर लिंबाचा रस शिंपडल्यासारखं दिसायचं.

आता इथं मी ज्या चुका केल्या त्या आधी सांगते, कारण यातली प्रत्येक चूक मला कुणीतरी मनापासून सुचवली होती आणि मीही ती मनापासून केली.

पहिली चूक खताची. पिवळं पान म्हणजे नत्र कमी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. शेणखत भिजवून त्याचं पाणी घातलं, चार दिवसांनी चिमूटभर युरिया. काही फरक नाही. दुसरी चूक पाण्याची. उन्हाळा लागलाय, झाड तापतंय, असं समजून दोन वेळा पाणी. जाळीमुळं ऊनही कमी आणि वाराही कमी, त्यामुळं माती वाळायचीच नाही. तिसरी चूक सगळ्यात वाईट. आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कळ्या टिकायला कॅल्शियम लागतं गं, चुन्याची निवळी घाल." पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून, वरचं नितळ पाणी मी तीनही कुंड्यांना तांब्या-तांब्या घातलं. आठवड्याभरात नवी पानं पिवळीची जवळजवळ पांढरी झाली.

त्या दिवशी मी ग्रिलसमोर स्टूल घेऊन बसले आणि ठरवलं, आता यापुढं झाडाला काहीही घालायचं नाही. आधी बघायचं. मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांना वीस वर्षं सांगत आले की निरीक्षण आधी लिहा, निष्कर्ष मग. स्वतःच्या घरी तेच विसरले होते.

वहीत पहिली ओळ लिहिली: कुठलं पान पिवळं? आणि या एका प्रश्नानं अर्धं काम झालं.

नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या फुटीला देतं. म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात, आणि ती सरसकट, शिरांसकट पिवळी होतात. मॅग्नेशियमचंही तसंच, ते झाडात इकडून तिकडं जातं, म्हणून खूण जुन्या पानांवर दिसते, फक्त तिथं शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी होते. लोखंडाचं तसं नाही. एकदा जुन्या पानात बसलेलं लोखंड झाडाला सहजी बाहेर काढता येत नाही. मुळांकडून नवं आलं नाही तर नव्या पानाला मिळतच नाही. त्यामुळं शेंड्याची पानं पिवळी, त्यांच्या शिरांची हिरवी जाळी ठसठशीत, आणि खालची जुनी पानं मात्र ठीक.

माझ्या मोगऱ्याची शेंड्याची पानं अगदी तशी होती. पातळ पिवळ्या कागदावर हिरव्या पेन्सिलीनं नकाशा काढावा तशी. मी खत घालत होते ते नत्राचं, आणि उपास घडत होता तो लोखंडाचा.

पण मग दुसरा प्रश्न. कुंडीतली माती कोकणातली लाल माती. तिचा लाल रंगच मुळी लोखंडाचा. त्या मातीत वाढणाऱ्या झाडाला लोखंड मिळू नये?

उत्तर स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं. ती चौथी कुंडी त्याच फांदीची, त्याच मातीची, छाटणी त्याच दिवशीची. मागच्या बाजूला परांची अजून लागली नव्हती. तिथं ऊन कमी, म्हणून कळ्या कमी. पण पान? हिरवंगार. निवळी घालतानाही मी तिला वगळलं होतं, कारण तिला काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून सामू बघायची कागदी पट्टी घरी आणली. सामू म्हणजे माती आंबट आहे की खारी-चुनखडी, त्याचं माप. सात म्हणजे मधलं, त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. प्रत्येक कुंडीतली दोन बोटं खोल माती एक भाग, ऊर्ध्वपातित पाणी दोन भाग, काचेच्या पेल्यात ढवळून अर्धा तास ठेवलं. वरचं पाणी नितळलं की त्यात पट्टी. मागच्या कुंडीची पट्टी पिवळसर हिरवी झाली, साडेसहाच्या आसपास. ग्रिलमधल्या पहिल्या कुंडीची पट्टी हिरवी होता होता निळसर झाली. आठ. दुसरी आठ. तिसरी, जी परांचीच्या अगदी खाली आहे, तिची पट्टी उघड निळी.

सिमेंट आणि चुना दोन्ही अल्क. महिनाभर प्लास्टरची धूळ कुंडीत पडत होती, मी वरून पाणी घालून ती खाली मुरवत होते, आणि त्यावर निवळीही ओतली. माती अल्कधर्मी झाली की तिच्यातलं लोखंड न विरघळणाऱ्या रूपात जातं. भरल्या कोठाराला कुलूप लागावं तसं. शिवाय सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेली मुळं लोखंड आणखी कमी उचलतात. माझ्या तीनही चुका एकाच दिशेला ढकलत होत्या.

एवढं कळूनही मी लगेच औषध घातलं नाही. खात्री करायची एक सोपी पद्धत आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाच ग्रॅम एक लिटर पाण्यात, त्यात थोडा लिंबाचा रस. द्रावण फिकट हिरवं असतं, ते तेव्हाच्या तेव्हा वापरायचं. ठेवून दिलं तर तपकिरी होतं आणि मग त्याचा उपयोग नाही. संध्याकाळी ऊन गेल्यावर रंगाचा बारीक ब्रश घेऊन पाच पिवळ्या पानांच्या फक्त डाव्या अर्ध्या भागाला ते लावलं. देठाला लाल दोरा बांधला म्हणजे नंतर सापडतील. (फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग पडतात, खाली कागद अंथरा. आमच्या ग्रिलच्या लादीवर ते अजून आहेत.)

सहाव्या दिवशी सकाळी पान हातात धरलं. मधल्या शिरेच्या डावीकडं हिरवे ठिपके उमटले होते, उजवीकडं पिवळं तसंच. दहाव्या दिवशी डावा अर्धा भाग स्वच्छ हिरवा होता. एकाच पानाचे दोन रंग. मी ते पान घरातल्या सगळ्यांना दाखवलं, मग काकूंना बोलावून दाखवलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या चुन्यानं केलं की काय गं हे?" मी म्हटलं, "काकू, घातला मीच." त्यांना वाईट वाटू नये एवढ्यासाठी नव्हे, ते खरंच तसं होतं.

मग इलाज. तीनही कुंड्यांतली वरची तीन बोटं माती खुरप्यानं काढून टाकली. तिच्यात राखाडी थर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, वाळून पापुद्र्यासारखा झालेला. नवी लाल माती आणि गांडूळखत भरलं. पाणी एक दिवसाआड, तेही बोट घालून बघून. लोखंडासाठी रोपवाटिकेतून चिलेटेड लोखंड आणलं, म्हणजे मातीत अडकून न पडता विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं लोखंड. त्यातही प्रकार असतात हे विकत घेताना बघा. ईडीटीए लिहिलेलं साध्या मातीत चालतं, अल्कधर्मी मातीत फार टिकत नाही. तिथं ईडीडीएचए लागतं, ते गडद लाल असतं आणि महागही. पाकिटावरच्या मापानं मातीत घातलं. गंधकानंही सामू उतरतो, पण मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करणार तेव्हा, त्यात महिने जातात. व्हिनेगर घाला असंही एकानं सांगितलं, ते मी केलं नाही. मुळं आधीच त्रासलेली होती.

परांचीवर काम करणाऱ्या मुलांना विनंती केली तर त्यांनी माझ्या ग्रिलवर निळं प्लास्टिक बांधून दिलं, काम चालू असेल तेवढा वेळ. इतकं सोपं होतं ते, आणि मला महिनाभर सुचलं नाही.

शेंडे हिरवे व्हायला लागले. पण मधली पानं नाही. तिथलं पिवळेपण वेगळं होतं आणि मी दोन्ही एकत्र करून बघत होते म्हणून ते सुटलं होतं. ही पानं शिरांच्या मधून पिवळी नव्हती, त्यांच्यावर बारीक बारीक फिके ठिपके होते, कुणी खसखस सांडावी तसे. काही ठिकाणी ठिपके मिळून पान राखट पिवळं झालेलं. हात फिरवला तर खालची बाजू खरखरीत लागायची.

माझ्या वडिलांचं एक भिंग आहे. पितळी, घडीचं, खाली एक इंचाची चौकट. गिरणीत कापडाच्या इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं. अण्णा लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. भिंग तेवढं घरात राहिलं. ते पानाच्या पाठीवर टेकवलं आणि डोळा लावला.

आत एक वस्तीच होती. शिरेच्या कडेनं कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे, त्या धाग्यांवर सिमेंटची धूळ अडकलेली, आणि त्यातून चालणारे लंबगोल जीव, तांबूस, काहींच्या दोन्ही कुशींवर काळा ठिपका. मोत्यासारखी गोल, पारदर्शक अंडी. रिकामी पांढरी कवचं. मी पाय मोजले, आठ. लाल कोळी, पानातला रस शोषणारा.

भिंग नसेल त्यांच्यासाठी: पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीला टिचकी मारा. कागदावर पडलेल्या कणांपैकी जे चालायला लागतील त्यांच्यावर बोट फिरवा, लालसर रेघ उमटली तर कोळी.

यांना कोरडी उष्ण हवा आणि धूळ फार मानवते. मार्चमध्ये मुंबईत समुद्रावरचं वारं ज्या दिवशी उशिरा सुटतं त्या दिवशी पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो. त्यात जाळीआड कोंडलेली हवा, पानांवर धुळीचा थर. त्यांना याहून चांगलं काय हवं होतं? अशा उन्हात आठवड्या-दीड आठवड्यात त्यांची पिढी पुरी होते.

रोपवाटिकेतल्या माणसानं मला आधीच एक कीटकनाशकाची बाटली दिली होती, "मावा, पांढरी माशी, सगळ्यावर चालतं" म्हणून. मी ती फोडली नाही हे बरं झालं. कोळी हा कीटकच नाही, त्याच्यावर माव्याची बरीच औषधं चालत नाहीत. उलट कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी वाढतात. औषध देण्याआधी त्यानं मला पान आणायलासुद्धा सांगितलं नव्हतं, याचा मला राग आहे. लोक अशा बाटल्या घेतात, त्याच ग्रिलमधल्या तुळशीवर, कढीपत्त्यावर तो फवारा उडतो आणि ती पानं पोटात जातात.

मी कुंड्या एकेक करून मोरीत नेल्या. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली म्हणजे माती चिखल होत नाही, आणि झाड आडवं करून हातातल्या शॉवरनं पानांची पाठ धुतली. पाठच, वरची बाजू नव्हे. फार खराब झालेली पानं तोडली. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर कडुनिंबाच्या तेलाचा फवारा: एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलि तेल, आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून आधी थोडं रिठ्याचं पाणी. भांडी घासायचा साबण वापरला तर कळ्यांच्या कडा करपतात, हे मी पूर्वी एकदा केलेलं आहे. फवारा उघडलेल्या कळीवर नको, भर उन्हात तर नकोच. आणि एकदा मारून थांबायचं नाही. फवाऱ्यातून वाचलेली अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून दर पाच दिवसांनी तीनदा मारला. प्रत्येक वेळी आधी भिंगातून ठरवून ठेवलेल्या पाच पानांची पाठ बघून वहीत आकडा लिहिला. एका पानावर सुरुवातीला चाळीसच्या पुढं मोजणं सोडून दिलं होतं. तिसऱ्या फवाऱ्यानंतर त्याच पानावर दोन.

याच काळात शेजारच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढला. कापसाचे बोळे शेंड्यावर, देठाच्या बगलेत, आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यासाठी मुंग्या त्यांना राखतात, आणि त्याच चिकट्यावर पानांना काळी काजळी धरते. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसत होते. एका बोळ्यावर कापूस टेकवला तर तो पळाला. पिठ्या ढेकूण इतका पळत नाही. भिंग लावलं तर अंगावर लांब पांढऱ्या मेणचट झालरी असलेली अळी, ढेकणाच्या दुप्पट मोठी, आणि तिच्या तोंडात ढेकणाचं पिल्लू. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. मूळ ऑस्ट्रेलियातला हा ढालकिडा १८९८ मध्ये भारतात आणला गेला, आणि पिठ्या ढेकूण हेच त्याचं मुख्य खाणं. अळी ढेकणासारखीच पांढरी दिसते, म्हणून मारली जाते. मी त्याआधी अशा तीन-चार तरी पुसून टाकल्या असणार. कचऱ्यातल्या बोळ्यांत शोधूनही बघितलं. त्या दिवसापासून जास्वंदीला स्पिरिट बंद, तेल बंद. फक्त कुंडीची कड ग्रिलपासून सुटी केली आणि मुंग्यांची वाट तोडली. बारा-पंधरा दिवसांनी पानावर तांबड्या डोक्याचा काळा ढालकिडा बसलेला दिसला. जास्वंद अजून पूर्ण साफ नाही, पण फुलतेय.

राहिल्या मोगऱ्याच्या कळ्या. पानं सावरत होती तरी काही कळ्या फुगायच्याच नाहीत, जांभळ्या पडून गळायच्या. त्याचं उत्तर मला दादरच्या फुलबाजारात मिळालं. विक्रमगडच्या बाजूच्या एक मावशी तिथं मोगरा घेऊन येतात, त्यांच्याकडून मी अधूनमधून घेते. गळलेल्या कळ्या पुडीत बांधून नेल्या होत्या. मावशींनी एक उचलली, फिरवून बघितली.

"भोक नाय हिला. भोक असतं, जाळीनं दोन-तीन कळ्या चिकटलेल्या असत्या, तर अळी. ताई, बुडाशी फोडून बघितली का?"

"नाही हो मावशी."

"मग आधी फोड. बारकी माशी अंडी घालते देठापाशी."

तिथंच, गिऱ्हाईक थांबलेलं असताना, त्यांनी नखानं कळीचं बूड उघडलं. आत तीन पांढुरक्या अळ्या, तिळाहून लहान, वळवळत होत्या. त्यांनी सांगितलं तसं केलं: जांभळी पडलेली प्रत्येक कळी खुडायची, खाली गळलेल्याही वेचायच्या, साबणाच्या पाण्यात बुडवून टाकायच्या, खताच्या डब्यात नाही. अळी कोष करायला मातीत उतरते, म्हणून वरची माती दर दोन-तीन दिवसांनी हलवायची. रोज सकाळी चहाआधी मी हेच केलं. यात औषध काहीच नव्हतं, पाच मिनिटं लागायची.

अक्षय्य तृतीयेला सकाळी पहिल्या कुंडीवर एकवीस फुलं निघाली, दुसऱ्या कुंडीवर नऊ. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि संध्याकाळी त्यातला अर्धा गजरा आईच्या फोटोला, अर्धा काकूंना दिला.

तिसरी कुंडी, परांचीखालची, अजून बरी नाही. शेंडे हिरवट झालेत, पण काल पुन्हा पट्टी लावली, सामू साडेसातच्या खाली उतरत नाही. सिमेंट खोलवर मुरलंय. आत्ता उन्हात मुळं उघडी केली तर झाड जाईल, म्हणून जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस होऊन हवा थंडावली की सगळी माती काढून ती बदलणार आहे. नवी लाल माती पोत्यात भरून ठेवली आहे, आणि पोत्याचं तोंड घट्ट बांधलं आहे.